मुक्त ग्राफिक्स सॉफ्टवेअर वापरताना येणाऱ्या अडचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहरात, तसेच खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागात डीटीपी, फ्लेक्स आणि ऑफसेट छपाईचे काम करणारी मंडळी, शाळांतील संगणक शिक्षक आणि सार्वजनिक मंडळांचे कार्यकर्ते गिम्प (फोटो संपादन), इंकस्केप (रेषांची चित्रे व फलक), क्रिता (डिजिटल चित्रकला) आणि स्क्रायबस (पाने लावणे) या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे या पानावर दिली आहेत. प्रत्यक्ष चित्र काढताना या सॉफ्टवेअरची फारशी तक्रार ऐकू येत नाही. खोळंबा होतो तो फाईल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, म्हणजे सेव्ह करताना, बाहेरचे चित्र पेस्ट करताना, व्हॉट्सॲपवर आलेले मॅटर घेताना आणि काम छापखान्याकडे पाठवताना. त्यामुळे पानाचा मोठा भाग त्या जागांनाच दिला आहे.

ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात म्हणून वापरायला अवघड आहेत का?

किमतीचा आणि अवघडपणाचा थेट संबंध नाही. ती कोणी आणि कशी घडवली याच्याशी मात्र आहे. गिम्पची सुरुवात १९९५ मध्ये बर्कली येथे स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी केली, तर इंकस्केप २००३ मध्ये सोडीपोडी या आधीच्या प्रकल्पातून वेगळे निघाले. अशा प्रकल्पांत बरेचसे काम स्वेच्छेने होते आणि मदतीला येणारे बहुतेक लोक प्रोग्रामर असतात. नवा फिल्टर एखादा प्रोग्रामर एकट्याने लिहून देऊ शकतो. पण मेन्यूची मांडणी बदलायची म्हटली की जुन्या वापरकर्त्यांच्या सवयी मोडतात, सगळ्या मार्गदर्शिका शिळ्या होतात आणि अंतिम शब्द कोणाचा हेही अनेकदा ठरलेले नसते. मग वाद मिटवण्यासाठी सेटिंगच्या खिडकीत आणखी एक पर्याय घातला जातो, आणि निर्णयाचे ओझे नवशिक्याच्या डोक्यावर येते.

ठामपणे निर्णय घेतला तर चित्र बदलते, हेही दिसलेले आहे. २००२ मध्ये लोकांकडून १,००,००० युरो जमवून मुक्त झालेल्या ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये कित्येक वर्षे वस्तू निवडण्यासाठी माउसचे उजवे बटण दाबावे लागत असे, आणि पहिल्याच मिनिटाला नवखा माणूस तेथे अडखळे. जुलै २०१९ मध्ये आलेल्या २.८० आवृत्तीत डावे बटण मूळ ठरवले गेले आणि उजव्या बटणाची सवय असलेल्यांसाठी जुनी पद्धत पर्याय म्हणून ठेवली गेली. क्रितानेही आपण प्रामुख्याने डिजिटल चित्रकारांसाठी आहोत असे ठरवून टाकले. म्हणून त्यात फोटोवरची अनेक कामे गैरसोयीची वाटतात, पण ब्रश आणि रंग हाताशी असतात. सगळ्यांसाठी सगळे करू पाहणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा ही तडजोड मला अधिक प्रामाणिक वाटते.

गिम्पमध्ये कंट्रोल-एस दाबल्यावर जेपीजी फाईल का तयार होत नाही?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न आहे. मे २०१२ मध्ये आलेल्या २.८ आवृत्तीपासून ‘सेव्ह’ हा आदेश फक्त गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारासाठी राखून ठेवला आहे, आणि जेपीजी, पीएनजी, टिफ वगैरे प्रकारांसाठी ‘फाईल’ मेन्यूतील ‘एक्स्पोर्ट ॲज’ वापरावे लागते, ज्याचा शॉर्टकट शिफ्ट-कंट्रोल-ई हा आहे. सेव्हच्या खिडकीत नावापुढे जेपीजी असे लिहिले तर गिम्प नकार देते आणि एक्स्पोर्टकडे जाण्यास सांगते. जेपीजी उघडून तिच्यातच दुरुस्ती केली असेल, तर त्याच मेन्यूत ‘ओव्हरराइट’ हा पर्याय येतो.

यामागचे कारण चुकीचे नाही. जेपीजीमध्ये लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, राहत नाहीत, मजकूर मजकूर राहत नाही, आणि प्रत्येक वेळी साठवताना चित्राचा दर्जा थोडा घसरतो. वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीआधीची एखाद्या फ्लेक्सच्या दुकानातील संध्याकाळ पाहा. फलक तयार होतो, मंडळाचे कार्यकर्ते समोर उभे असतात, आणि छपाईला पाठवण्याच्या वेळेला कोणीतरी सांगते की उपाध्यक्षांचे नाव राहिले आणि खजिनदारांचा फोटो बदलायचा आहे. एक्ससीएफ फाईल असेल तर ही पाच मिनिटांची दुरुस्ती असते. फक्त जेपीजी उरली असेल तर पार्श्वभूमीपासून सगळे पुन्हा रचावे लागते.

तक्रार आहे ती पुढच्या पायरीबद्दल. एक्स्पोर्ट करून खिडकी बंद करायला गेले की गिम्प बदल सेव्ह झाले नसल्याचे सांगून ते सोडून द्यायचे का असे विचारते. चित्र अमुक नावाने एक्स्पोर्ट झाले आहे अशी ओळ तेथे असते खरी, पण प्रश्नाचा सूर असा असतो की काम वाया गेले अशी माणसाची समजूत व्हावी. ग्राहक मूळ फाईल ठेवणार नाही हे ज्याला माहीत आहे, त्याला ही विचारणा रोज अनेकदा सहन करावी लागते. निर्णय योग्य आणि अंमलबजावणी त्रासाची, असे माझे याबद्दलचे मत आहे.

पेस्ट केलेला फोटो अधांतरी का राहतो, आणि त्यानंतर ब्रश का चालत नाही?

गिम्पच्या २.१० आवृत्तीपर्यंत पेस्ट केलेली वस्तू थेट नवा लेयर होत नसे. ती ‘फ्लोटिंग सिलेक्शन’ नावाच्या मधल्या अवस्थेत राहत असे. तिला लेयरच्या यादीतील ‘नवा लेयर’ बटणाने स्वतंत्र करावे लागे किंवा नांगराच्या बटणाने खालच्या लेयरमध्ये मिसळावे लागे, आणि तोपर्यंत इतर बहुतेक कामे अडून राहत. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत पेस्ट केलेले चित्र सरळ नवा लेयर होऊन येते. आपल्या संगणकावर अजून २.१० असेल तर केवळ या एका बदलासाठीही नवी आवृत्ती घ्यावी.

ब्रश न चालण्याची कारणे मात्र तीन-चार आहेत आणि ती एकमेकांसारखी दिसतात. चित्राच्या एका कोपऱ्यात आधी केलेले छोटे सिलेक्शन तसेच राहिलेले असते, त्यामुळे त्याच्या बाहेर ब्रश उमटत नाही. शिफ्ट-कंट्रोल-ए दाबून ते काढावे. कधी भलताच लेयर निवडलेला असतो. कधी लेयर चित्रापेक्षा लहान असतो आणि त्याच्या ठिपक्याठिपक्यांच्या पिवळ्या चौकटीबाहेर रंग पडत नाही. अशा वेळी ‘लेयर’ मेन्यूतून त्याचा आकार चित्राएवढा करावा. ३.० मध्ये ब्रश चालवताना लेयर आपोआप वाढवण्याची सोयही दिली आहे. खोडरबरचा घोळ याच जातीचा आहे. जेपीजी उघडून माणसामागची भिंत खोडायला घेतली की पारदर्शक जागेऐवजी पांढरा किंवा दुसरा कोणतातरी पार्श्वभूमीचा रंग उमटतो, कारण त्या लेयरला अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकतेची नोंद ठेवणारा भाग, नसतो. ‘लेयर’ मेन्यूतील ‘ट्रान्स्परन्सी’ या भागात जाऊन तो जोडला की खोडरबर अपेक्षेप्रमाणे चालतो.

साधने सापडत नाहीत आणि चिन्हे सगळी सारखीच दिसतात. काय करावे?

एप्रिल २०१८ च्या २.१० आवृत्तीत गडद पार्श्वभूमी आणि एकरंगी चिन्हे मूळ म्हणून आली, आणि त्याच मालिकेत पुढे साधने गटांत बांधली गेली, त्यामुळे एका बटणाखाली तीन-चार साधने दडलेली असतात. ‘एडिट’ मेन्यूतील ‘प्रेफरन्सेस’ उघडून रंगीत चिन्हांचा संच निवडता येतो आणि गट मोडता येतात. खिडक्या सुट्या होऊन विखुरल्या असतील तर ‘विंडोज’ मेन्यूत ‘सिंगल विंडो मोड’वर खूण करावी. दाट रिझोल्यूशनच्या नव्या पडद्यावर बटणे मुंगीएवढी दिसण्याची तक्रार प्रामुख्याने २.१० बाबत आहे, कारण ती आवृत्ती जीटीके या खिडक्या-बटणे दाखवणाऱ्या संचाच्या जुन्या दुसऱ्या पिढीवर उभी होती, ३.० तिसऱ्या पिढीवर असल्याने तेथे ही अडचण बरीच कमी झाली आहे.

मराठी आणि कन्नड मजकुराचा गोंधळ का होतो?

याचे उत्तर लांब आहे, कारण येथे दोष एकट्या सॉफ्टवेअरचा नाही.

आपल्याकडील बरीचशी दुकाने वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या मराठी आणि नुडीसारख्या कन्नड व्यवस्थांतील जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांवर चालली. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी जागतिक पद्धत.) अशा फॉन्टांत पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी फाईलमध्ये प्रत्यक्षात एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते. ग्राहकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेले मॅटर मात्र युनिकोडमध्ये येते. त्याला जुना फॉन्ट लावला तर तो लागूच पडत नाही, आणि जुने मॅटर युनिकोड फॉन्टमध्ये उघडले तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. इंकस्केप आणि गिम्प युनिकोड मजकूर नीट जोडाक्षरांसह दाखवतात. त्यांना जुने मॅटर द्यायचे असेल तर ते आधी कन्व्हर्टरमधून काढावे आणि त्यानंतर प्रूफ न चुकता वाचावे, कारण रफार आणि पहिली वेलांटी या दोन ठिकाणी कन्व्हर्टर हमखास फसतात.

युनिकोडमध्येही एक जागा जपावी लागते. ‘शेतकऱ्यांचा मेळावा’ असा फलक ‘शेतकर्यांचा मेळावा’ असा छापून आलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. पत्रिकेतील ‘वऱ्हाडी मंडळी’ आणि खानापूरच्या जंगलातील ‘दऱ्याखोऱ्या’ यांचेही तेच होते. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर साधा र जे या कळीवर आहे आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की नुक्त्याचा ऱ मिळतो; त्यापुढे डी कळीवरचे हलंत आणि मग य टंकला की अक्षर बरोबर येते. ही चूक टंकलेखनाची असते आणि तिचे खापर अनेकदा विनाकारण सॉफ्टवेअरवर फोडले जाते.

मराठी वळणाचा ल आणि श न मिळण्याची तक्रार वेगळी आहे. काही फॉन्टांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय मराठी वळण येत नाही. गिम्पमध्ये मजकुराचे साधन निवडल्यावर त्याच्या पर्यायांत खाली भाषेचा चौकोन असतो. तो इतक्या आडबाजूला आहे की वर्षभर गिम्प वापरणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतो. ही कटकट नको असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ यासारखा फॉन्ट घ्यावा, ज्यात मराठी वळणच मूळ आहे.

एकाच फलकावर मराठी आणि कन्नड आले की आणखी एक गोष्ट घडते. निवडलेल्या देवनागरी फॉन्टमध्ये कन्नड अक्षरे नसतील तर सॉफ्टवेअर गुपचूप संगणकातील दुसरा एखादा कन्नड फॉन्ट लावते, आणि फॉन्टच्या चौकटीत नाव मात्र पहिल्याचेच दिसत राहते. दुसऱ्या संगणकावर तोच मजकूर वेगळ्या फॉन्टमध्ये उघडतो, मग ओळी सरकतात आणि कोणाला कारण कळत नाही. माझ्या मते या सॉफ्टवेअरमधील आपल्या भागाला सर्वाधिक भोवणारा दोष हाच आहे, कारण येथे इशारा देणे शक्य असूनही तो दिला जात नाही. दोन्ही लिप्यांसाठी मजकुराच्या स्वतंत्र वस्तू ठेवाव्यात आणि प्रत्येकीला आपापला फॉन्ट स्पष्टपणे लावावा. मुंबईच्या एक टाईपचा ‘बलू’ देवनागरीसाठी आणि त्याच कुळातील ‘बलू तम्मा’ कन्नडसाठी घेतला तर दोन्ही ओळी एका घरातल्या दिसतात.

कर्नाटकातील २०२४ च्या कायदा दुरुस्तीनुसार दुकाने आणि आस्थापनांच्या फलकावर ६० टक्के कन्नड असावे लागते, त्यामुळे मोजमापाचाही प्रश्न येतो. कन्नड ओत्ताक्षरे, म्हणजे जोडाक्षरांतील खाली लिहिले जाणारे भाग, ओळीखाली उतरतात, देवनागरीच्या मात्रा शिरोरेषेवर चढतात, आणि म्हणून दोन्ही ओळींना फॉन्टचा एकच आकडा दिला तरी त्या डोळ्याला सारख्या दिसत नाहीत. आकड्यावर विसंबू नये; इंकस्केपमध्ये वस्तू निवडून वरच्या पट्टीत दिसणारी प्रत्यक्ष रुंदी आणि उंची पाहून ठरवावे.

क्रिताच्या ५.२ पर्यंतच्या आवृत्त्यांत मजकूर वेगळ्या खिडकीत लिहावा लागतो, त्यामुळे पत्रिकेसारख्या कामासाठी ती सोयीची नाही. स्क्रायबसची १.४ मालिका देवनागरीची जोडाक्षरे बांधत नव्हती. तिच्यावर हात पोळलेल्यांनी जानेवारी २०२४ ची १.६ आवृत्ती पुन्हा पाहण्यास हरकत नाही.

छापखान्यात रंग का बदलतो?

पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळतो, तर ऑफसेट यंत्र निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया वापरते. पडद्यावर झळाळणारा भगवा या चार शायांत पूर्णपणे बसत नाही आणि कागदावर विटकरीकडे झुकतो. हे कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरमध्येही घडते. फरक एवढाच की तेथे तो आधी दाखवण्याची व्यवस्था हाताशी असते. गिम्पच्या ३.० आवृत्तीत चार शायांचा अंदाज पडद्यावर पाहता येतो आणि जेपीजी किंवा टिफ त्या रूपात एक्स्पोर्टही करता येते, तरी प्रत्यक्ष संपादन चार शायांत होत नाही. क्रितामध्ये ते होते. इंकस्केपची पीडीएफ प्रकाशाच्या तीन रंगांतच निघते.

यातून पत्रिकेच्या कामात एक नेमका बिघाड होतो. इंकस्केपमधील काळा मजकूर छापखान्यात रूपांतर होताना चारही शायांत विभागला जातो, आणि प्लेटा केसभर सरकल्या तरी बारीक अक्षरांभोवती रंगीत सावली दिसते. बारीक मजकूर असलेले ऑफसेटचे काम म्हणून स्क्रायबसमध्ये लावावे, तेथे मजकुराला फक्त काळी शाई द्यावी आणि पीडीएफ तेथूनच काढावी. फ्लेक्सच्या कामात यंत्राचे स्वतःचे सॉफ्टवेअर रूपांतर करते, त्यामुळे दुकानदाराला कोणती फाईल हवी एवढे विचारून घेतले तरी पुरते.

फ्लेक्सची फाईल उघडताच संगणक का थिजतो?

गिम्पच्या ‘नवे चित्र’ खिडकीत रिझोल्यूशन ‘प्रगत पर्याय’ या मिटलेल्या भागात असते, त्यामुळे ते पाहिलेच जात नाही. १० बाय ८ फुटांचा फलक म्हणजे १२० बाय ९६ इंच. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर चित्र ३६,००० बाय २८,८०० पिक्सेलचे होते आणि साध्या ८ बिटांच्या एकाच लेयरला सुमारे ४ जीबी स्मृती लागते. इंचाला ७२ धरले तर तेच चित्र ८,६४० बाय ६,९१२ पिक्सेलचे होते, आणि दहा-पंधरा फुटांवरून पाहिल्या जाणाऱ्या फलकाला तेवढे पुरते. अक्षरे, चौकटी आणि बोधचिन्हे इंकस्केपमध्ये करून फक्त फोटो गिम्पमधून आणले तर हा प्रश्न मुळात उद्भवतच नाही.

कोरलड्रॉची फाईल उघडते का?

इंकस्केप आणि लिबरऑफिस ड्रॉ या दोन्हींत सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची, फाईल उघडता येते, पण ती जशीच्या तशी उतरेल असे समजू नये. ग्रेडियंट, सावल्या आणि जुन्या फॉन्टांतील मजकूर बिघडतो. उलट दिशेने सीडीआर तयार करता येत नाही. देवघेवीसाठी पीडीएफ हाच सर्वांना पेलणारा मार्ग आहे. इंकस्केपमधून पीडीएफ साठवताना ‘मजकूर पाथमध्ये बदला’ हा पर्याय निवडला की अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा उरतात, त्यामुळे समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी अक्षरे फुटत नाहीत, आणि आपल्या मूळ एसव्हीजी (इंकस्केपच्या स्वतःच्या) फाईलमधील मजकूर दुरुस्तीसाठी शाबूत राहतो. वस्तू निवडून हाताने पाथ करणाऱ्यांनी मात्र आधी फाईलची प्रत काढावी.

जुन्या सॉफ्टवेअरचे शॉर्टकट ठेवता येतात का?

होय. इंकस्केपच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये कीबोर्डच्या भागात कोरलड्रॉ आणि इलस्ट्रेटरच्या धर्तीचे तयार संच आहेत. गिम्पमध्ये शॉर्टकट एकेक करून बदलता येतात, आणि फोटोगिम्प नावाचा एक तयार साज त्याला फोटोशॉपसारखी मांडणी देतो. दहा वर्षे हात बसलेल्या ऑपरेटरने हे जरूर करावे. शाळेत नव्याने शिकणाऱ्या मुलांना मात्र मूळ मांडणीच शिकवावी, नाहीतर दुसऱ्या संगणकावर बसल्यावर त्यांना काहीच ओळखीचे वाटत नाही.

संस्थेत ही सॉफ्टवेअर आणण्यापूर्वी ती जमतील का, हे कसे तपासावे?

यादी करून गुण देण्यापेक्षा खरे काम देऊन पाहावे : एक लग्नपत्रिका, एक दुभाषी फलक आणि पन्नास विद्यार्थ्यांची ओळखपत्रे. काम करणाऱ्यामागे बसावे, आणि तो अडला तरी बोलू नये. हे फार कठीण जाते, कारण ‘अहो, वरच्या मेन्यूत बघा’ हे शब्द आपोआप तोंडून निघतात आणि तेथेच तपासणी संपते. तो कोठे थांबला, त्याने आधी कोणता मेन्यू उघडला आणि काय शोधत होता, एवढेच लिहून घ्यावे. चार-पाच जणांना असे पाहिले की मोठ्या अडचणी बहुतेक समोर येतात.

दोष आढळल्यास तो कोठे आणि कसा कळवावा?

गिम्पचे दोष ग्नोमच्या गिटलॅबवर, इंकस्केपचे गिटलॅबवर, क्रिताचे केडीईच्या बगझिलावर आणि स्क्रायबसचे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत कळवले जातात. आधी तोच दोष कोणी नोंदवला आहे का ते शोधावे. ‘वापरायला त्रासदायक आहे’ असे लिहून काही हाती लागत नाही. आवृत्ती, केलेल्या कृतींचा क्रम, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, एवढे लिहावे आणि एका नोंदीत एकच दोष मांडावा.

लिपीच्या दोषाबाबत अधिक काळजी घ्यावी लागते. नोंद वाचणाऱ्याला देवनागरी किंवा कन्नड वाचता येत नसेल, तर बरोबर आणि चूक अक्षरांतील फरक त्याच्या डोळ्याला दिसतच नाही. म्हणून दोन्हींची चित्रे शेजारी ठेवून फरकाच्या जागी गोल करावा, फॉन्टचे नाव द्यावे आणि टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये चिकटवावा, म्हणजे त्याला तो आपल्या संगणकावर उमटवून पाहता येईल.

इंकस्केपच्या जुन्या फाईली नव्या आवृत्तीत लहान का उघडतात?

२०१७ च्या ०.९२ आवृत्तीपूर्वी इंकस्केप एका इंचात ९० पिक्सेल धरत असे. तेव्हापासून ते ९६ धरते. त्यामुळे जुन्या फाईलमधील ९० मिलिमीटर रुंदीचे व्हिजिटिंग कार्ड नव्या हिशेबाने सुमारे ८४.४ मिलिमीटरचे भरते. अशी फाईल उघडताना इंकस्केप एक खिडकी दाखवून काय करायचे ते विचारते. काम छपाईसाठी असेल तर प्रत्यक्ष माप राखणारा पर्याय निवडावा, आणि पूर्वी मापाच्या चौकटीत बसवलेल्या पत्रिका व कार्डे प्लेटला पाठवण्याआधी पुन्हा मोजून घ्यावीत.